काळा दाणा

तीस वर्षं मी लोकांचे नायटे, नखं, थुंकी आणि पू पाहून पोट भरलं. हा लेख फराळ करताना वाचू नये, अशी सूचना संपादकांनी वर छापली तर माझी हरकत नाही. दिवाळीच्या अंकात मानाचं पान गाण्याबजावण्याच्या मंडळींना मिळतं. मला बुरशीबद्दल लिहा म्हणून पत्र आलं, तेव्हा बायको म्हणाली, "चुकून दुसऱ्या कोणाचं पत्र आपल्याकडे आलं असेल, पुन्हा पत्ता पाहा." पत्ता माझाच होता.

मी कारंज्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात सूक्ष्मदर्शकावर काम करायचो. काळ एकोणीसशे पन्नासच्या पुढचा. वाशिम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्यात मोडायचो. नागपूरला वर्षभर शिकून आलो होतो आणि पंचक्रोशीत माझ्याएवढं शिकलेलं त्या कामातलं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची. खोली लहान, उत्तरेला एक खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर पितळी सूक्ष्मदर्शक. त्याच्या खाली आरसा. आरशात आभाळाचा उजेड धरायचा आणि तो काचपट्टीतून वर पाठवायचा. आभाळ भरून आलं की माझं काम बंद आणि बाहेर बसलेल्या लोकांची कुरकुर सुरू. डॉक्टर मला वानखडे म्हणत. बाकी सगळं गाव 'काचवाले भाऊ' म्हणायचं.

बाहेरच्या माणसाला हे काम जादूसारखं वाटतं, म्हणून सांगतो. नायट्याची कातडी बोथट पात्यानं खरवडायची. तो कोंडा काचपट्टीवर घ्यायचा, वर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकायचा, खालून दिव्याची जराशी ऊब द्यायची. थोड्या वेळात माणसाची कातडी विरघळून जाते. बुरशी विरघळत नाही. तिच्या भिंतीत जो पदार्थ असतो तोच खेकड्याच्या पाठीत आणि भुंग्याच्या कवचात असतो. मग डोळा लावला की मधे लांब, फाटे फुटलेले, गाठी-गाठींचे धागे दिसतात. दिसले तर नायटा, नाही दिसले तर दुसरं काही. एवढंच काम. पण ते धागे पहिल्यांदा दिसतात तेव्हा अंगावर काटा येतो, हेही खरं.

गिऱ्हाईकं एकेक नमुना. कामरगावचा एक न्हावी होता. गावातल्या पोरांच्या डोक्यावर गोल चट्टे पडायला लागले, केस तुटायला लागले आणि सगळ्यांनी बोट याच्याकडे दाखवलं. एके दिवशी तो तावातावानं आला, कागदाच्या पुडीत केस घेऊन. म्हणाला, "काचवाले भाऊ, माहा वस्तरा साफ हाय असं लिहून द्या. गावात तोंड दाखवाची सोय नाई राह्यली मले." मी केस पाहिला. केसाभोवती बुरशीचे बारीक गोळे मधमाश्यांच्या मोहोळासारखे लगडले होते. मग त्याची फणी मागितली, फणीच्या दातांमधला मळ पाहिला. त्यातही तेच. त्याला डोळा लावून दाखवलं. बराच वेळ पाहून म्हणाला, "वस्तरा तं साफ हाय ना?" वस्तरा साफ होता. तेवढं मी लिहून दिलं आणि फणी उकळायला सांगितलं. पुढं त्यानं सगळीच हत्यारं गिऱ्हाइकासमोर उकळायला सुरुवात केली आणि त्याचा धंदा पहिल्यापेक्षा वाढला.

दुसरे एक जैन शेठजी, कापडाचे व्यापारी. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा न घेणारे. त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं, भुसभुशीत झालेलं. नखाचा चुरा काचेवर घेतला, धागे सापडले. शेठजींनी डोळा लावला आणि एकदम मागं झाले. "हे जिवंत आहे?"

"जिवंतच. नख खाऊनच जगतं ते."

"आणि तुमच्या मलमानं?"

मी मलमाची डबी टेबलावर ठेवली. शेठजी हसले आणि म्हणाले, "शिळ्या पापडावर बुरशीची फुगी येते तीत अनंत जीव असतात हे आम्हाला लहानपणापासून सांगतात, काचवाले भाऊ. तुम्ही फक्त दाखवलं." मलम त्यांनी घेतलं नाही. नख मात्र दर आठवड्याला कापून, कानशीनं घासून, पाय कोरडा ठेवत गेले. दीड वर्षानं नवं नख स्वच्छ आलं. "आम्ही कोणाला मारलं नाही, फक्त घर रिकामं करायला लावलं," असं ते दुकानात येईल त्याला सांगत. मलमानं याहून लवकर गुण आला असता असं मला आजही वाटत नाही.

असे किस्से सांगितले की लोक खुश होतात आणि आपलाही मान राहतो. पण संपादकांना हो म्हटलं ते दुसऱ्या एका गोष्टीसाठी. ती आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

आमच्याकडे शेतात अनवाणी फिरणारी माणसं. पायात बाभळीचा काटा मोडणं रोजचंच. शंभरदा काटा मोडतो आणि काही होत नाही. एखाद्या वेळी त्या काट्याबरोबर मातीतलं काहीतरी आत जातं आणि तिथंच संसार थाटतं. वर्षा-दोन वर्षांत पाय सुजतो, टणक होतो, दुखत मात्र फारसा नाही, म्हणून माणूस काम करत राहतो. मग पायाला भोकं पडतात आणि त्यांतून पू येतो, पुवात बारीक दाणे. खसखशीएवढे, कधी मोहरीएवढे. डॉक्टरी भाषेत मदुरा पाय. आमचे लोक "पायातून दाने येऊन राह्यले" एवढंच म्हणत.

तो दाणा म्हणजे धाग्यांचा घट्ट गुंडा. आणि तो कोणाचा, यावर सगळं ठरतं. तेव्हाच्या पुस्तकांत सरसकट बुरशीच लिहीत, पण त्या धाग्यांच्या दोन जाती आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं नाही. एक जात खऱ्या बुरशीची. तिचा धागा जाड, आत आडव्या भिंती. तिची पेशी आपल्या पेशीसारखीच बांधलेली. मोठ्या घरात जसं माजघर वेगळं असतं, चार भिंतींच्या आत, आणि घराण्याचा सगळा ठेवा तिथं, तसं पेशीच्या आत केंद्रक असतं, स्वतःच्या पडद्यात. आपल्यात तेच, पिंपळाच्या पानात तेच, बुरशीतही तेच. दुसरी जात जंतूंची. तिचा धागा अतिशय बारीक, आणि पेशी म्हणजे एका खोलीची झोपडी. माजघर नाही, सगळं सामान एकाच खोलीत.

हे ज्ञान मिरवण्यासाठी सांगत नाही. झोपडीवाल्याला मारायला आमच्याकडे सल्फाच्या गोळ्या होत्या. त्याचं बांधकामच वेगळं, त्यामुळे गोळी त्याला लागायची आणि माणसाला फारशी लागायची नाही. पण बुरशीचं घर आपल्यासारखंच. तिला जाळेल ती आग आपल्यालाही जाळणार. आता त्यावर औषधं निघाली आहेत, तेव्हा नव्हती. म्हणून बारीक धागा निघाला तर वर्षभर गोळ्या, जाड धागा निघाला तर पाय कापायचा. घोट्याच्या वर, हाडात शिरलं असेल तर गुडघ्याखाली. आणि धागा कोणता हे सांगायचं काम माझं.

पुस्तकात याची एक सोपी खूण होती. दाणा पांढरा, पिवळा, लाल असला तर नीट तपासा. काळा असला तर ती खरी बुरशीच.

श्यामराव हा माझा पहिला काळा दाणा. शेतावर राखण करणारा माणूस, धिप्पाड, मिश्या मोठ्या. जखमेचं काही असलं की ड्रेसिंगच्या खोलीतून कंपाउंडर बाटली आणून द्यायचा. असा रोगी माझ्यासमोर यायची पद्धतच नव्हती. बाटलीत काळे दाणे. मी पाहिले, लिहिलं: काळे दाणे, बुरशी. आमचे डॉक्टर सोनटक्के हाडाचे सर्जन होते. त्यांनी श्यामरावचा उजवा पाय कापला. घरच्यांनी तो कापडात गुंडाळून नेला आणि त्याच्याच राखणीच्या शेताच्या बांधाला पुरला. मग कुबडीवरच्या माणसाला राखण कोण देणार? डॉक्टरांनी त्याला दवाखान्याच्या फाटकाजवळ पाणपोईवर बसवलं. दोन रांजण, एक लांब दांड्याचा ओगराळा. येणारा-जाणारा त्याच्या हातचं पाणी पीत असे. मीही रोज दुपारी पीत असे. तो पाण्याचा पेला देताना म्हणायचा, "तुमच्या काचेनं जीव वाचला बाप्पा माहा." मी मान हलवायचो. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं ऐकायला.

तीन वर्षं अशी गेली आणि गोदाबाई आली.

गोदाबाई धनजची सुईण. पंधरा गावांत तिच्या हातची माणसं होती. अडलेली बाई बैलगाडीत घालून दवाखान्यात आणायची आणि डॉक्टरांना दारातच सुनवायची, "हे माह्या हातची नाई म्हून आनली. मले येत नाई म्हून नाई आनली." या दोन वाक्यांत फरक काय ते तिलाच ठाऊक. माझ्या खिडकीशी येऊन ती मला चिडवायची. "काहून रे काचवाल्या, दिवसभर काचेत काय पाह्यतं? मी तं नुसता हात लावतो अन् सांगतो, पोट्टं आडवं हाय का उभं." मला राग यायचा, कारण ती सांगायची ते खरं निघायचं.

त्या वेळी मात्र ती स्वतःच रोगी म्हणून आली. डावा पाय सुजून पाटीएवढा झालेला. दोन वर्षं लपवला होता. सुईणीला उकिडवं बसावं लागतं, तासन्‌तास. पाय गेला तर सुईणपण गेलं. घरी नवरा नाही, एक म्हातारी सासू आणि एक आंधळी नणंद, दोघी तिच्याच जिवावर.

चैत्र होता. पोहरादेवीची यात्रा भरली होती, हजारो माणसं, आणि यात्रा म्हटलं की पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, धास्ती. दिवसभर माझ्याकडे शौचाच्या बाटल्यांची रांग. त्यांच्यामधे कंपाउंडरनं गोदाबाईची बाटली ठेवली. मी ती उजेडात धरली. दाणे काळे. कोळशासारखे. एक दाणा काचेवर घेऊन लहान भिंगातून पाहिला, काळा गोळा. नीट पाहायचं तर दाणा चिरायचा, चुरायचा, रंगवायचा, मग देवदाराच्या तेलाचा थेंब टाकून मोठ्या भिंगाखाली धरायचा. अर्धा-पाऊण तासाचं काम. बाहेर रांग. आणि पुस्तक सांगत होतंच. मी लिहिलं: काळे दाणे, बुरशी.

डॉक्टरांनी गुरुवारी पाय कापायचं ठरवलं. सोमवार होता तो.

गोदाबाईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. लंगडत माझ्या खिडकीशी आली. त्या दिवशी चिडवलं नाही. म्हणाली, "भाऊ, नीट पाह्यलं ना तुनं?"

"पाहिलं," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," म्हणून ती गेली. हे सगळं लिहिताना माझा हात कुठं थांबत असेल तर इथं.

बुधवारी सकाळी सुकदेव धोबी दवाखान्याचे कपडे घेऊन आला. सगळ्या गावाच्या कपड्यांत आपले कपडे ओळखू यावेत म्हणून धोबी कोपऱ्यात खूण करतात हे सर्वांना माहीत आहे. बिब्ब्याला सुई टोचायची, आतला चीक कापडाला लावायचा. काळी ठिपक्यांची खूण उमटते आणि ती कधी जात नाही. माझ्या नव्या पांढऱ्या कोटाच्या ऐन गळ्याशी त्यानं खूण केली होती. मी चिडलो. म्हटलं, "आतल्या बाजूला करता येत नव्हती? काढून दे ती."

सुकदेव हसला. "बिब्बा हाय बाप्पा तो. कोट फाटन, पन त्याचा काया डाग नाई जाची. चामड्यावर लावा का लाकडावर, जिथी लावान तिथी कायंच."

तो पुढंही काही बोलत होता. मी ऐकलं नाही. वऱ्हाडात पायात काटा मोडला की लोक काय करतात? बिब्बा गरम करून त्याचं तेल टोचलेल्या जागी सोडतात. माझ्या आईनं माझ्या टाचेला कितीदा लावला असेल. जन्म इथं गेलेला, आणि हे मला तीन वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. पुस्तक खरंच होतं, काळा दाणा म्हणजे बुरशी. पण ते लिहिणाऱ्याच्या गावी बिब्बा नसावा.

बाटली अजून फळीवर होती. एक दाणा काढला, स्पिरिटमधे धुतला, दाढीच्या पात्यानं मधोमध चिरला. खऱ्या काळ्या दाण्याचा रंग आतपर्यंत गेलेला असतो. हा वरून काळा होता आणि आत पिवळसर पांढरा, भाजलेल्या शेंगदाण्याचं साल जळावं आणि गर तसाच राहावा तसा. मग तो चुरला, रंगवला, तेल टाकलं, मोठं भिंग उतरवलं. बारीक, बारीक धागे. जांभळे. इतके बारीक की आरसा तीनदा हलवावा लागला. आडवी भिंत कुठंच नाही. खात्रीसाठी मी दुसरा दाणा घेतला, मग तिसरा. तिन्हींत तेच.

काचपट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते उद्याची हत्यारं पाहत होते. मी सांगितलं. त्यांनी माझ्या खोलीत येऊन डोळा लावला, बराच वेळ लावला. मग म्हणाले, "वानखडे, उद्या मी तिचा पाय कापला असता."

मी काचपट्टी उचलून पेटीत ठेवली.

गोदाबाईला बोलावलं. डॉक्टरांनी विचारलं, पायाला काय लावलं होतं? ती म्हणाली, "काई नाई." पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. आता हे सांगायला हवं की आमच्या डॉक्टरांना बिब्ब्याचा विलक्षण राग होता. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात, लोक भाजलेले पाय घेऊन येतात, मग डॉक्टर इतकं बोलत की भिंती हलत. म्हणून दवाखान्याची पायरी चढण्याआधी लोक जखम धुवून, पुसून येत आणि विचारलं तर काही नाही म्हणत. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आम्ही दोघं सोडून.

मी म्हणालो, "गोदाबाई, बिब्बा लावला असशील तर तुझा पाय वाचतो."

तिनं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लावला ना," ती म्हणाली. "रोज लावतो. भोकाभोकात सोडतो ऊन ऊन. पन सांगतलं असतं तं ह्या डाक्टरनं मले उभी फाडली असती."

डॉक्टरांनी चिठ्ठीचा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "आजपासून लावू नका. गोळ्या देतो, त्या घ्या. एक दिवस चुकवायचा नाही."

"पाय नाई कापत?"

"नाही कापत."

मग मात्र ती खाली बसून रडली. मोठ्यानं, पदर तोंडात घालून. मी खिडकीबाहेर पाहत होतो. फाटकाजवळ पाणपोईवर श्यामराव रांजणावर फडकं बांधत होता.

गोदाबाई गेल्यावर डॉक्टरांनीही तिकडेच पाहिलं. "त्याचं काही ठेवलंय आपण?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकही दाणा नाही?"

"बाटली धुवून टाकली होती. बाटल्या कमी असतात." हे खरं होतं. पाय बांधाला पुरलेला, तीन वर्षं झालेली. चिरून पाहायला जगात काही उरलं नव्हतं. डॉक्टर बेसिनपाशी गेले आणि हात धूत राहिले. त्यांनी काही हाताळलेलं नव्हतं. जाताना म्हणाले, "जुनं उकरू नका, वानखडे. त्याला कशाला त्रास?" ते वाईट माणूस नव्हते. त्यांना तेव्हा जे सोसवलं ते बोलले.

मी आठ दिवस पाणपोईवर गेलो नाही. घरून तांब्या नेऊ लागलो. नवव्या दिवशी श्यामरावनंच हाक मारली. "काहून भाऊ, माह्या हातच्या पान्याले काय झालं?"

मी गेलो. दुपारची वेळ, आसपास कोणी नव्हतं. त्यानं पेला भरला. मी तो हातात घेतला आणि विचारलं, "श्यामराव, तेव्हा पायाला बिब्बा लावला होता?"

"कवा?"

"कापायच्या आधी."

"लावला व्हता ना. आमच्यात कोन नाई लावत?"

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं कोनं?" तो अगदी सहज म्हणाला. "डाक्टरसायेब कापाचं बोलून राह्यले व्हते अन् तुमी तं खोलीतून बाहीर बी नाई आले."

मग मी त्याला सगळं सांगितलं. गोदाबाईचं, धोब्याचं, चिरलेल्या दाण्याचं. हेही सांगितलं की त्याचा दाणा खरा काळा असेल तर कापलं ते बरोबर झालं, आणि नसेल तर गोळ्यांनी पाय राहिला असता, आणि यातलं कोणतं खरं हे मला आता कधीच कळणार नाही. त्यानं मधे एकदाही थांबवलं नाही. ओगराळा रांजणाच्या काठावर टेकवून ऐकत राहिला. माझं झाल्यावर त्यानं उरलेल्या पायावरून हात फिरवला, जसा माणूस बैलाच्या पाठीवरून फिरवतो.

"मंग त्या बाईचा पाय राह्यला?" त्यानं विचारलं.

"राहिला."

"बरं झालं." मग म्हणाला, "माहा तं गेला. आता जो येईन त्याले इचारत जा. खोलीतून बाहीर येऊन इचारत जा."

मग त्यानं हातानं पेल्याकडे खूण केली. पाणी तसंच होतं. मी प्यायलो. "तुमच्या काचेनं जीव वाचला" असं तो त्यानंतर कधी म्हणाला नाही, आणि पाणी द्यायचं कधी चुकला नाही.

गोदाबाईला पुरती बरी व्हायला दीड वर्ष लागलं. पायावर वण राहिले, जराशी लंगडी राहिली, पण उकिडवी बसू शकायची. माझ्या धाकट्या मुलीचा जन्म तिच्याच हातचा. नाळ कापून झाल्यावर मला दारातून म्हणाली, "ये, पाह्य. इले काच नाई लागत."

मी पुढं सत्तावीस वर्षं त्याच खिडकीशी होतो. जखमेची बाटली आली की ती तशीच टेबलावर ठेवायची, उठायचं, ड्रेसिंगच्या खोलीत जायचं, रोग्यासमोर बसायचं आणि विचारायचं, "काय लावलं होतं?" बिब्बा, हळद, चुलीतली राख, काजळ, रॉकेल, तंबाखूची गोळी, काय काय ऐकलं मी. पण ते नंतर. पहिल्यांदा विचारलं की शंभरातले नव्वद जण डॉक्टरांच्या दाराकडे पाहत आणि म्हणत, "काई नाई."

मग मी पुन्हा विचारायचो.